देवरीच्या अलीकडे डायनमो गेला तेव्हा

माय,

आज सकाळी तुझ्या नातीचा फोन आला. ती आता दुर्गला मोहन नगरात राहते, नवऱ्याबरोबर. नवरा बाहेरगावी, हिला ड्यूटीवर जायची घाई, आणि गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. "मम्मी, गाड़ी स्टार्ट ही नहीं हो रही," एवढंच ती म्हणाली. मी कुकरखालचा गॅस बारीक केला आणि माझ्या तोंडून निघालं, "आवाज कसा येते?" तिला प्रश्नच कळला नाही. आवाज म्हणजे काय, गाडी बंद आहे तर आवाज कुठून येणार? मग मी सांगितलं की चावी फिरव आणि फोन बोनेटजवळ धर. टिक-टिक-टिक-टिक, भिंतीवरच्या पालीसारखा आवाज आला. म्हणजे सेल्फला, इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, उठायचं होतं, पण अंगात जोर पोचत नव्हता. दिवे लावायला सांगितले. दिवे लागले, आणि चावी फिरवली की मावळले. बोनेट उघडायला लावलं, तर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली. चावी काढ, काळी तार आधी सोड, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घास. पुसून कोरडं कर. आता लाल आधी लाव, काळी शेवटी. ती एकेक करत गेली, मी इकडं फोन कानाला लावून उभी. गाडी सुरू झाली. "लाल बत्ती बुझ गई?" मी विचारलं. विझली होती. म्हणजे बॅटरी भरणारा डायनमो भरत होता. "थैंक यू मम्मी, लेट हो रही हूँ," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी मात्र तशीच ओट्याला टेकून राहिले. "आवाज कसा येते" असं मी आता बोलत नाही गं. शाळेत इतकी वर्षं हिंदीत शिकवलं, घरीही हिंदीच होत गेली. मराठी लिहिते तीसुद्धा तू नागपूरच्या पेपरच्या रद्दीवर बोट ठेवून शिकवलेली. ते वाक्य तुझं होतं, तुझ्याच चालीत आलं. तेव्हापासून हातातलं काम सुटलंय. म्हणून लिहायला बसले.

बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. पोलादाच्या प्लांटमध्ये ते क्रेनवर होते, पण गेले ते काविळीनं, घरातल्या खाटेवर. त्यांच्या जागी तुला नोकरी मिळाली आणि गाड्यांच्या गॅरेजात बॅटरी रूमला टाकलं. तोवर तू बॅटरी पाहिली होतीस ती टॉर्चमधली. साडीवरून खाकी कोट, पायात तुझ्या मापापेक्षा मोठे बूट, आणि डोक्यावरून पदर अजून सुटलेला नाही, अशी तू पहिल्या दिवशी मरोद्याच्या आपल्या घरून चालत निघालीस. मी दारात उभी होते. तू वळून पाहिलं नाहीस. तिथं जामुलकडच्या एका खेड्यातले बुजुर्ग इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी तुला हाताशी धरून शिकवलं. त्यांचं एक बोलणं तू घरी येऊन त्यांच्याच छत्तीसगढीत सांगायचीस: "दीदी, पहिली सुन ले, तेकर पाछू पाना धर." पाना उचलायच्या आधी ऐकायचं. सेल्फ टिकटिकतो तेव्हा बॅटरी उपाशी असते. एकच ठोका देऊन गप्प होतो, तेव्हा दोष सेल्फमध्ये. सकाळी सकाळी पट्टा किंचाळतो, तर तो सैल आहे, डायनमोला पुरता फिरवत नाही. अल्टरनेटरला तुम्ही सगळे डायनमोच म्हणायचात, आणि मीही अजून तेच म्हणते.

तू घरी आलीस की आधी स्वयंपाकघरात शिरायचीस, पण भाकरीसाठी नाही. सोड्याचा डबा काढून कोपरापर्यंत हात धुवायचीस, मग कोट भिजवायचीस. बॅटरीतल्या तेजाबाचा, ॲसिडचा, एक थेंब सुती कपड्यावर पडला तर त्या दिवशी दिसत नाही, धुतल्यावर तिथं भोक पडतं. तुझ्या सगळ्या सुती साड्या अशा चाळणीसारख्या झाल्या. पुढे पुढे तू टेरिकॉटच नेसायला लागलीस, उन्हाळ्यातसुद्धा. हातांवर बारीक पांढरे डाग होते, तांदूळ सांडल्यासारखे. मी जेवताना त्या डागांकडे पाहायची, तू ताटात भात वाढत असायचीस. एकदा विचारलं, "दुखते का?" तू म्हणालीस, "लागते तवा दुखते. मंग नाई." आणि आमटी वाढलीस.

त्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर तू मला व्होल्ट मोजायचा मीटर शिकवलास. गॅरेजातून रद्द झालेला तो जाड काळा मीटर, एका बाजूला फुटलेला, त्याला तू दोरा गुंडाळला होतास. मी बारावीत होते. पुस्तकात मी सगळं वाचलेलं होतं, पण तो काटा हलताना पाहिला नव्हता. "बंद गाडीवर साडेबारा दाखवलं तं बॅटरी भरली हाय," तू सांगायचीस. "चालू गाडीवर चौदाच्या आसपास जा लागते. नाई गेलं, तं भरणारा झोपला." आंगणात शेजाऱ्यांची जीप उभी होती, तिच्यावर आपण दोघींनी लावून पाहिलं. काटा सरकून चौदाजवळ थरथरत राहिला आणि तू माझ्याकडे पाहून हसलीस. तेवढं मोकळं तू क्वचित हसायचीस. तुझं हसणंसुद्धा ड्यूटीच्या हिशोबात बसवलेलं असायचं.

निवृत्त झालीस तेव्हा तू जुनी पांढरी गाडी घेतलीस. मला जामुलच्या शाळेत नोकरी लागली होती, बसला लोंबकळत जायची, म्हणून. मला चालवायला शिकवलं ते मात्र दुसऱ्या कुणी. तुला स्वतःला चालवता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. बोनेटच्या पुढची गाडी तुझी, मागची माझी, अशी आपली वाटणी. त्या गाडीनं पहिल्या हिवाळ्यात छळलं होतं, आठवतं? दर दोन-तीन दिवसांनी सकाळी मेलेली. मी वैतागून म्हटलं, बॅटरी बदलून टाकू. तू केवढी चिडलीस. "कावून बदलू? भरणारा भरते का नाई, वीज कोनीकडं गळून राहिली, काई पाह्यलं? नुसतं बदलून टाकू मनते. मानसाले बी असंच करशीन का?" दोन दिवस तू माझ्याशी मोजकंच बोललीस. मग भरणारा तपासला, पट्टा आवळला, तारा घासल्या. आणि शेवटी, माय, बॅटरीही बदललीस, तरी गाडी मेलेलीच. एका संध्याकाळी तू आंगणातून ओरडलीस. डिक्कीच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ येत होती. डिक्की लावली तरी आतला दिवा विझतच नव्हता, रात्रभर तोच बॅटरी पीत होता. तू पायरीवर बसलीस आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. "एवढी मोठी मिस्त्रीन मी," म्हणालीस, "अन् दिवाच नाई दिसला."

पण आज सकाळपासून माझ्या मनात फिरतोय तो दिवस दुसराच आहे.

माघातली दुपार होती. लाखनीजवळच्या तुझ्या माहेरगावाहून मोठ्या मायच्या मुलाचा फोन आला. मोठी माय, तुझी सख्खी मोठी बहीण. मी लहान असताना ती शेवटची आपल्या घरी आली होती, बाबा गेले तेव्हा. तेव्हा काय झालं ते मला अर्धवटच माहीत होतं. एवढंच ठाऊक होतं की ती न जेवता गेली आणि त्यानंतर तुम्ही दोघी बोलत नव्हतात. लग्नकार्याची बोलावणी यायची ती दुसऱ्याच कुणाच्या हातून, आणि तू दुसऱ्याच कुणाच्या हाती आहेर पाठवायचीस. फोन मी घेतला होता. तो म्हणाला, "मायचं काई खरं नाई आता. मावशीचं नाव घेऊन राहिली." मी तुला सांगितलं. तू तांदूळ निवडत होतीस. सूप खाली ठेवलंस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "गाडी काहाड."

राजनांदगाव गेलं, चिचोला गेलं, हद्द ओलांडून आपण महाराष्ट्रात शिरलो. देवरीच्या अलीकडे जंगल लागतं, तिथं समोरच्या तबकडीवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली. "बंद नको करू," तू म्हणालीस. "बंद केली तं पुन्हा चालू होईन का नाई, सांगता येत नाई." इंजिन चालूच ठेवून तू पदर खोचून उतरलीस, बोनेट उघडलंस. पट्टा शाबूत होता, घट्ट होता, फिरत होता. पिशवीतून मीटर काढून लावलास. तो मीटर तू माहेरी नेत होतीस हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. काटा बाराच्या थोडा वर होता. "रेस दे," म्हणालीस. मी रेस दिली. काटा जागचा हलला नाही. तू बोनेट लावून आत येऊन बसलीस.

"डायनमो गेला," म्हणालीस. "आता बॅटरीत जे हाय, तेवढ्यावरच चालन."

मी म्हटलं, देवरीला मिस्त्री पाहू. तू मान हलवलीस. सामान सापडेपर्यंत संध्याकाळ होईल, कदाचित उद्या उजाडेल. "तिच्यापाशी उद्या नाई," तू म्हणालीस. मग तू स्वतःच एकेक गोष्ट बंद करत गेलीस. रेडिओ, पंखा. काच उतरवायला लावलीस. हॉर्न अगदी गरज पडली तरच. ब्रेकसुद्धा जपून, कारण ब्रेक दाबला की मागचे दिवे जळतात. आणि सूर्य बुडायच्या आत पोचायचं, कारण पुढचे दिवे लावले की उरलेलं सगळं ते पिऊन टाकतील. "चिंता नको करू," म्हणालीस. "लाखनीपरेंत आरामात जाते. मी पाह्यली ना." तू इतकं सहज म्हणालीस की मला खरंच वाटलं.

आणि मग तू बोलायला लागलीस.

माय, त्या आधी आपण दोघी इतका वेळ अशा कधी बसलो होतो का? घरात तुझे हात कशात तरी असायचे, माझ्यापुढे वह्या असायच्या. त्या दिवशी तुझ्या हातांना काम नव्हतं. खिडकीतून थंड वारा येत होता आणि तू रस्त्याकडे बोट करून सांगत होतीस की अशाच जंगलात तुम्ही दोघी पहाटे मोहफुलं वेचायच्यात. मोठी माय तुला पाठीवर घेऊन नाला ओलांडायची, कारण तुला पाण्याचं भय. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तुझं पुडकं लहान भरायचं, तर ती तिची पानं तुझ्यात घालायची. बाबा तुला पाहायला आले तेव्हा बोलणी त्यांच्या काकांनीच केली, बाबा एक शब्दही बोलले नाहीत. तुला वाटलं मुके आहेत. हे सांगताना तू हसलीस. बॅटरी रूममधल्या पहिल्या आठवड्यात तू रोज रडायचीस, आणि कुणाला कळायचं नाही, कारण तिथल्या वासानं सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी यायचं. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तुझ्याजवळ राहून मला हे माहीत नव्हतं.

मग साकोली जवळ आली तेव्हा तू मोठ्या मायचंही सांगितलंस. बाबांच्या नंतर ती म्हणाली होती, पोरीला घेऊन गावी चल, प्लांटात माणसांच्या मधात, मशिनींच्या मधात बाईमाणसानं जाऊ नये, लोक नावं ठेवतील. तू नाही म्हणालीस. ती म्हणाली, मंग मी तुही कोनी नाई. आणि ताट तसंच ठेवून उठली.

"राग येत होता का तुले?" मी विचारलं.

"लई दिवस येत होता. मंग समजलं, तिले भेव वाटत होतं. मलेबी वाटतच होतं. थे बोलून मोकळी झाली, मी गेली कामावर."

लाखनीचा फाटा आला तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. आतल्या रस्त्याला लागलो आणि गाडी आचके द्यायला लागली. तू मीटरकडे पाहणं कधीच सोडलं होतंस, तू नुसती ऐकत होतीस. समोर गुरं परतत होती, धूळ उडालेली, मला दिसेना. माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. मी काचेला नाक लावून चालवत राहिले. गावाच्या तोंडाशी, विहाराच्या अलीकडे, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद झालं. गाडी उतारावर आपल्याच वेगानं थोडी पुढे गेली आणि थांबली. मी चावी फिरवली तर टिकटिकसुद्धा आली नाही. तू उतरलीस, पदर सारखा केलास, आणि इतक्या झपाझप चालत निघालीस की मला पळावं लागलं.

मोठी माय ओसरीवर खाटेवर होती. अंगावर नुसती गोधडी उरली होती, तिच्या आत माणूस आहे असं वाटत नव्हतं. तू खाली बसलीस आणि तिच्या कानाशी म्हणालीस, "बाई, मी आली." तिनं डोळे उघडले. खूप वेळ पाहिलं. मग तिनं जे विचारलं ते अजून माझ्या कानात आहे.

"कोनाच्या गाडीनं आली?"

"माह्याच."

"चालवली कोनं?"

"पोरीनं."

ती माझ्याकडे वळली, पुन्हा तुझ्याकडे. म्हणाली, "हात पाहू." तू हात पुढे केलेस. तिनं ते उलटे केले, सुलटे केले, दिव्याकडे धरले. "एवढे भाजले?"

"तेजाबानं होते बाई. आता दुखत नाई."

तिनं तुझा उजवा हात स्वतःच्या गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. तू तशीच अवघडून बसून राहिलीस. कुणीतरी चहा आणला, तो निवून गेला. तिचा मुलगा म्हणाला, मावशी, हात काहाडून घे, आराम करू दे तिले. तू मानेनंच नाही म्हटलंस. नंतर ती थोडं बोलली, तू तिला चमच्यानं पाणी पाजलंस. ती त्यानंतर काही दिवस होती, आणि ते सगळे दिवस तू तिथंच राहिलीस. तिनं प्राण सोडला तेव्हाही तुझा हात तिच्याजवळ होता. विहारातल्या वंदनेला तू पुढे बसलीस, तिच्या लेकीसुनांच्या रांगेत.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी साकोलीहून मिस्त्री आणला. डायनमोतले कार्बन, फिरत्या भागाला टेकणारे ते छोटे तुकडे, झिजून संपले होते. तू ते झिजलेले तुकडे मागून घेतलेस, तळहातावर ठेवून पाहिलेस. मी म्हटलं, तुला कसं माहीत होतं, एवढं अंतर ओढून नेईल म्हणून? तू विहिरीवर तोंड धूत होतीस. "मले कुठं मालूम होतं," म्हणालीस. "ते बदललेली बॅटरीबी जुनीच झाली होती. मले तं वाटलं, साकोलीतच बंद पडन." मग आरामात जाते असं का म्हणालीस, मी विचारलं. "तू भेली असती, तं हात थरथर कापले असते तुहे," तू म्हणालीस आणि चूळ भरलीस.

तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. तसाच हिवाळा होता. मी शाळेत होते, शेजारीण बोलवायला आली. तू आंगणात उन्हात खुर्चीवर बसली होतीस, जेवून, हात धुऊन. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. मी घरी पोचले तेव्हा ऊन सरकून तुझ्या पायांपाशी आलं होतं. शेजारच्या बायांनी तुला आत घ्यायची घाई चालवली होती, मी त्यांना थोडं थांबा म्हटलं.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं पुष्कळदा गेले. आता तो मोठा झालाय, चार पदरी, देवरीचा घाट कळतही नाही. नवी गाडी आहे, आवाज न करणारी. मी रेडिओ लावत नाही. शेजारची सीट बहुतेक वेळा रिकामी असते. जंगल आलं की मी काच खाली करते, गारठा असला तरी.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुला कधी सांगितली नाही, सांगितली असती तर तू रागावली असतीस. त्या दिवशी तिकडे मोठी माय जात होती, सूर्य उतरत होता, बॅटरी संपत आली होती आणि तुझा सगळा जीव पुढच्या गावात होता, हे मला कळत होतं. तरी साकोली मागे पडली तेव्हा, तू तुझ्या बहिणीचं सांगत असताना, मी गाडी थोडी हळू केली होती. तुला वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून. रस्ता चांगला होता, माय.